सकाळची गोळी

परदेशी जायचं ते आपण दोघांनीच, असं ह्यांनी मला लग्न झाल्या झाल्या कबूल केलं होतं. तेव्हा हे बसवर कंडक्टर होते आणि परदेश म्हणजे आमच्यासाठी कॅलेंडरवरचं चित्र होतं. मग मुलं, त्यांची शिक्षणं, घराचे हप्ते, या सगळ्यात ते चित्र मागे पडलं. हे निवृत्त झाले, मुलं मार्गी लागली, तेव्हा मीच पुन्हा विषय काढला. पासपोर्ट झाले, सहल कंपनीत नावं गेली, आणि एका संध्याकाळी हे चहात साखर नसतानाही चमचा फिरवत म्हणाले, "ताईला एकटीला कसं सोडायचं?"

"सोडायचं म्हणजे?" मी म्हटलं. "त्या काय पाळण्यात आहेत?"

हे हसले. हे हसले की समजायचं, ठरलेलं आहे. आम्ही तिघं निघालो.

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. निवृत्त मुख्याध्यापिका. आई लवकर गेली म्हणून त्यांनी लग्न केलं नाही, शाळा केली आणि भाऊ वाढवला. हे कुणीही सांगायला लागलं की आमच्याकडे सगळ्यांचे आवाज खाली येतात. माझा येत नाही. तोच भाऊ पुढे मी सांभाळला, आणि त्यांच्यापेक्षा जास्त वर्षं सांभाळला, पण त्याला कुणी त्याग म्हणत नाही. त्याला संसार म्हणतात.

ह्यांच्याबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे कुणाला 'नाही' म्हणत नाहीत. बसमध्ये दोन माणसं एका जागेवरून हमरीतुमरीवर आली की हे एकाला स्वतःची जागा देऊन टाकायचे आणि सगळी फेरी उभ्यानं करायचे. घरीही तेच. वन्संकडे भरपेट जेवून यायचे आणि माझ्या ताटावर पुन्हा बसायचे. 'जेवून आलोय' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. मला वाटायचं, तिकडचं गोड लागत नाही म्हणून अर्धपोटी येतात. तसं वाटून घेण्यात मला फार बरं वाटायचं.

ह्यांना साखरेचा आजार आहे. रोज सकाळी एक पांढरी गोळी. ती इतकी वर्षं मी देत आले, माझ्या तळहातावरून त्यांच्या तळहातावर, वर पाण्याचा पेला. सामान भरायच्या दिवशी वन्सं एक कप्प्याकप्प्यांची डबी घेऊन आल्या. "बाळूची औषधं माझ्याकडे दे. प्रवासात गोंधळ नको," म्हणाल्या आणि माझ्यादेखत पाकिटांतून सगळ्या गोळ्या बाहेर काढून कप्प्यांत भरल्या. रिकामी पाकिटं टोपलीत टाकली. "कचरा कशाला वाहायचा?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "बरोबर आहे ताईचं."

मी ती टोपली बाहेर नेऊन ठेवली. पण दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच गोळ्यांचं नवं पाकीट आणलं आणि पर्सच्या चोरकप्प्यात सारलं. तिकडे पहिल्याच सकाळी, हॉटेलच्या खोलीत, ह्यांना गोळी दिली आणि बजावलं, "गोळी मीच देणार. खाली नाश्त्याला ताई देतील ती नुसती तोंडाजवळ न्यायची, पाणी प्यायचं आणि गोळी खिशात टाकायची. कळलं का?"

"हो," हे म्हणाले.

मग रोज तसंच व्हायचं. खोलीत माझी गोळी. खाली नाश्त्याच्या टेबलावर वन्सं ती डबी उघडायच्या, वर्गात खडू वाटावा तशी एक गोळी ह्यांच्या हातावर ठेवायच्या आणि आजूबाजूच्या टेबलांवर नजर फिरवायच्या, सगळ्यांनी बघितलं ना म्हणून. ह्यांचा हात तोंडाकडे जायचा. पाण्याचा घोट व्हायचा. आणि मी पावाला लोणी लावत मनातल्या मनात हसायचे. एवढं सुख मला तिथल्या डोंगरांनी दिलं नाही की तळ्यांनी दिलं नाही.

बाकी सहलीत सुख नव्हतंच. बसमध्ये जागा दोघा-दोघांच्या. हे अर्धा रस्ता माझ्याजवळ बसायचे आणि चहाला बस थांबली की उठून ताईजवळ. फोटोतही तसंच, एक माझ्याबरोबर, एक ताईबरोबर. सहलीतल्या एका बाईंनी मला विचारलं, "तुमच्या मोठ्या जाऊबाई का?" ती जाऊ म्हणाली, मला ऐकू आलं सवत, आणि माझा तीळपापड व्हायचा तो झालाच.

त्या दिवशी बस पहाटेच निघाली. नाश्त्याऐवजी प्रत्येकाला कागदी डब्यात थंडगार सँडविच आणि एक फळ मिळालं. डबीतली गोळी वन्संनी बसमध्येच दिली. एरवी हे हॉटेलात एक नाश्ता माझ्याबरोबर आणि दुसरा, वन्सं उशिरा खाली आल्या की, त्यांच्याबरोबर करायचे. त्या दिवशी सँडविचचा वासच आवडला नाही म्हणून ह्यांचा डबा तसाच राहिला. मी एकदा "खा" म्हटलं, वन्सं दोनदा म्हणाल्या. "हो, हो," म्हणत हे झोपून गेले.

उतरलो ते एका दगडी रस्त्यावर. दोन्ही बाजूंना दुकानं, मधे ट्रामचा थांबा आणि थांब्यावर रांग. मी एका दुकानात टोपी बघत होते. बाहेर आले तर हे त्या रांगेजवळ उभे होते आणि एकेका माणसापुढे हात करत म्हणत होते, "तिकीट? तिकीट, दादा? पुढे सरका, पुढे सरका." लोकांना वाटलं थट्टा चाललीय. एकानं हसून खिशातून पास काढून दाखवला. हे म्हणाले, "सुट्टे नाहीत माझ्याकडे."

मलाही आधी हसूच आलं. मग दिसलं, कोट काढून हातावर टाकलाय, अंगात नुसता शर्ट. एवढ्या थंडीत पाठीला चिकटलेला, ओलाचिंब. चेहरा पांढराफटक. माझ्या हातातली टोपी खाली पडली.

समोरच्या औषधाच्या दुकानातली बाई धावत आली, तिनं ह्यांना पायरीवर बसवलं आणि फोन लावला. रुग्णवाहिका आली. त्यातल्या माणसांनी ह्यांच्या बोटाला सुई टोचली, यंत्राकडे बघून एकमेकांकडे बघितलं, आणि ट्यूबमधलं काहीतरी चिकट ह्यांच्या हिरड्यांना चोळलं. मी ह्यांचा पायातून निघालेला बूट उचलायला वाकले. वर बघते तर वन्सं आत चढून बसलेल्या. मी पाय टाकला तसं त्या माणसानं मला एक बोट दाखवलं. एकच. दार लागलं. एका हातात बूट घेऊन मी रस्त्यावर उभी.

सहलीचा मॅनेजर माणूस बरा होता. त्यानं विमा कंपनीला फोन लावला, आधी त्यांनाच कळवायचं असतं म्हणाला. माझ्या कार्डावरचा नंबर दोनदा वाचून दाखवला आणि मला टॅक्सीनं दवाखान्याच्या दारात आणून सोडलं. "काकू, बाकीची मंडळी बसमध्ये खोळंबली आहेत," तो म्हणाला, आणि त्याचंही खरंच होतं.

काचेमागच्या मुलीला मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, मी बायको. पासपोर्ट पुढे केला, त्यात ह्यांचं नाव होतं. तिनं आत फोन केला, ऐकलं, आणि फार गोड चेहरा करून सांगितलं की तातडीच्या विभागात रुग्णाजवळ एकालाच थांबता येतं. बहीण आत आहे. बहिणीला औषधं माहीत आहेत. आपण बसा.

मी बसले. नंतर उठले आणि दाराच्या गोल काचेतून बघितलं. वन्संच्या गळ्यात निळ्या फितीचा पास होता आणि त्यांचा हात ह्यांच्या कपाळावर होता. माझ्या पोटात आग पडली. भीतीची की मत्सराची हे तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी भीतीचीच म्हटलं असतं. दोन्हीची होती, आणि मत्सराची जास्त होती. हे आजारी पडले तर उशाशी मी असणार, एवढं एक माझं होतं. तेही निळ्या फितीला लटकून दुसरीच्या गळ्यात गेलं होतं.

बऱ्याच वेळानं नर्सनं वन्संना दंडाला धरून बाहेर आणलं. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि आत त्यांना भोवळ आली होती. नर्सनं चहाच्या यंत्राकडे बोट दाखवलं. वन्संनी गळ्यातला पास काढला, जरा वेळ हातातच ठेवला, मग माझ्यापुढे धरला.

"साखर एकदम खाली गेलीय. सलाईन लावलंय, वर येते आणि पुन्हा उतरते," त्या म्हणाल्या. "मी सगळं सांगितलंय डॉक्टरना. तू नुसती बस. उगाच काही बोलू नकोस, घोळ होईल."

"बायको आहे मी त्यांची," मी म्हटलं.

"म्हणूनच सांगतेय," म्हणाल्या.

आत पडद्यांच्या खणात हे पडले होते. हाताला सलाईन, बोटाला चिमटा, शेजारी यंत्र. मी जवळ गेले. डोळे किलकिले करून हे म्हणाले, "ताई?"

"मी आहे," मी म्हटलं.

"हो," हे म्हणाले, आणि डोळे मिटले.

डॉक्टर उंच, बारीक केसांच्या बाई होत्या. त्यांनी खाटेशेजारच्या स्टँडवर एक फोन उभा केला, बटण दाबलं, आणि फोनमधून चक्क आपल्या भाषेत आवाज आला. "नमस्कार. मी दुभाषी बोलतेय. डॉक्टर बोलतील ते मी तुम्हाला सांगेन, तुम्ही बोलाल ते त्यांना. इथे जे बोललं जाईल ते सगळं मला सांगावं लागतं, माझा तसा नियम आहे. तुम्ही रुग्णाच्या कोण?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला हे विचारत होतं. मी मोठ्यानं म्हटलं, "बायको."

"डॉक्टर म्हणतात, रुग्णाच्या बहिणीनं सांगितलं की हे साखरेची एकच गोळी घेतात, वर्षानुवर्षं. एका गोळीनं साखर इतकी खाली जाऊन वारंवार पडायला नको. गोळी कुठली तेही कळत नाही, बहिणीला नाव आठवत नाही, डबीवरही नाही. त्यामुळे त्यांना दुसरी शंका आहे. पोटात गाठ असली तर असं होतं. इथे ती तपासणी नाही. त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरतंय. रस्ता लांबचा आहे आणि प्रवासात धोका आहे."

 तेवढ्यात नर्सनं ह्यांच्या कपड्यांची पारदर्शक पिशवी माझ्या हातात दिली. मी बूट त्यात टाकायला म्हणून पिशवी उघडली आणि हात आपोआप शर्टाच्या खिशात गेला. आजची वन्संची गोळी तिथे असायला हवी होती.

रुमाल होता. हॉटेलच्या खोलीचं कार्ड होतं. मी पँटचे खिसे उलटे केले. चिल्लर, एक चुरगळलेलं तिकीट. कोटाचा आतला खिसा, बाहेरचा खिसा. कालचा कोटही हाच होता, परवाचाही. गोळी एकही नव्हती.

आधी काय वाटलं ते सांगते, कुणी काही म्हणो. आधी ह्यांच्या जिवाची भीती वाटली नाही. आधी वाटलं, म्हणजे हे तिचीही घेत होते. रोज. माझी घ्यायचे आणि तिचीही गिळायचे. मग मी लोणी लावत इतके दिवस हसत होते ते कशावर?

यंत्र वाजायला लागलं. नर्सनं पुन्हा बोटाला टोचलं आणि घाईनं मोठं इंजेक्शन सलाईनच्या नळीत ढकललं. डॉक्टर कुणाला तरी फोनवर रुग्णवाहिकेचं सांगत होत्या, एवढं मला भाषेशिवायही कळलं.

मला कळलं होतं की गाठबीठ काही नाही. रिकाम्या पोटी दोन गोळ्या आहेत. आणि ते इथे फक्त मलाच माहीत आहे. आता मी तोंड उघडलं तर वन्सं जन्मभर सांगत सुटतील की हिनं लपवून गोळ्या दिल्या, हिनं माझ्या भावाला मारलाच होता. प्रत्येक बारशाला सांगतील, प्रत्येक लग्नात सांगतील. सगळ्यांचे आवाज पुन्हा खाली येतील. मी गप्प राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही, पण गप्प राहिले हे खरं आहे.

ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, थेट माझ्याकडे. चिमटा लावलेला हात हवेत उचलला, दोन बोटांनी न दिसणारं तिकीट फाडलं आणि कामावर असताना बोलायचे तशा अदबीनं विचारलं, "कुठे जायचंय, बाई?"

"मी दिली," मी ओरडले. "मीही दिली. रोज देतेय. त्या एक देतात आणि मी एक देते, तीच गोळी, सकाळी दोन होतात. आज तर खाल्लंही नाही त्यांनी." आणि चोरकप्प्यातलं पाकीट काढून डॉक्टरच्या हातात कोंबलं. त्यावर औषधाचं नाव छापलेलं होतं आणि अर्ध्याहून जास्त घरं रिकामी होती.

फोनवरच्या बाई भराभर बोलायला लागल्या. डॉक्टरनी पाकीट उजेडात धरलं. आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, "काय म्हणालीस?"

वन्सं पडद्यापाशी उभ्या होत्या. हातात चहाचा कागदी पेला, मागे त्यांना अडवणारी नर्स.

"काय म्हणालीस तू? लपवून?"

"माझा नवरा आहे. इतकी वर्षं मी देतेय गोळी. तुम्हाला कुणी सांगितलं होतं डबी आणायला?"

"अगं, मी रोज त्याला विचारत होते, तिनं दिली नाही ना? तो म्हणायचा नाही. रोज विचारत होते."

"म्हणजे तुम्हाला संशय होता! तरी देत होतात!"

"तो माझ्याशी खोटं बोलत नाही."

"माझ्याशीही नाही बोलत!"

आणि आमच्या आवाजांखाली तिसरा आवाज चालूच होता. फोनवरच्या बाई आमचं एकूण एक वाक्य डॉक्टरना सांगत होत्या, एकदा माझं, एकदा वन्संचं, न थकता, न हसता. डॉक्टर मान हलवत ऐकत होत्या. आमची इतक्या वर्षांची धुणी एका परक्या बाईच्या हवाली चालली होती. हे लक्षात आल्यावर आम्ही दोघी एकदमच थांबलो. बाईही थांबल्या.

डॉक्टर काही बोलल्या.

"डॉक्टर म्हणतात, भांडण नंतर करा. रोज दोन गोळ्या, दोघींचं एकमत आहे का?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. "हो," त्या म्हणाल्या. मीही हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं होतं आणि तेही या गोष्टीवर.

"डॉक्टर म्हणतात, मग यांना हलवायची गरज नाही. या गोळीवर उतारा असलेलं इंजेक्शन इथेच आहे. ते देतील, उद्यापर्यंत नजरेखाली ठेवतील. आणि पत्नीला सांगायला सांगतात, वेळेवर सांगितलंत, फार बरं झालं."

'पत्नीला' म्हटल्यावर वन्संच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या मी बघितल्या. नवरा खाटेवर तसा पडलेला, आणि मी ते बघितलं, आणि मला बरं वाटलं. आता काय करणार, मी ही अशी आहे.

विमा कंपनीनं दवाखान्याजवळच आमची राहायची सोय केली. एकाच खोलीत, दोघींची. आम्ही एकमेकींशी अवाक्षर बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघीही एकाच वेळी तयार होऊन दाराशी आलो आणि रस्ताभर बरोबरीनं चाललो, कारण मागे राहायला कुणीच तयार नव्हतं.

हे आता वॉर्डात होते. उशीला टेकून बसलेले, दाढी कुणीतरी करून दिलेली. साखर जागेवर आली होती. मी उजव्या बाजूला गेले, वन्सं डाव्या. हे दोघींकडे बघून हसले. माझा जीव भांड्यात पडला. वन्संचाही पडला असणार, कारण त्या रडत होत्या, आणि तेवढ्यातही माझ्या मनात आलं की मी आधी रडायला हवं होतं.

डॉक्टर आल्या. फोन उभा राहिला. कालच्याच बाई होत्या.

"डॉक्टर रुग्णालाच विचारतात. दोन्ही गोळ्या एकच आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?"

हे उशीवर सरळ झाले. "होतं," म्हणाले.

"दोन घ्यायच्या नसतात, हे माहीत होतं?"

"होतं."

"मग का घेतल्यात?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि वन्संकडेही बघितलं नाही. समोरच्या फोनकडे बघून, त्या न दिसणाऱ्या बाईंना सांगावं तसं, हे म्हणाले, "एकीला नको म्हटलं असतं तर तो अख्खा दिवस गेला असता. गोळी परवडली."

बाईंनी ते डॉक्टरना सांगितलं. तेवढं एक वाक्य सांगताना त्यांचा आवाज जरा अडखळला. डॉक्टरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"डॉक्टर म्हणतात, आता गोळीची जबाबदारी एकाच माणसाची हवी. कोणाची, ते तुम्ही सांगा."

माझे हात गार पडले. काल हे वाचतील की नाही तेव्हा पडले नव्हते इतके. पलीकडे वन्संनी खाटेचा गज घट्ट धरला. आम्हा दोघींना हाच प्रश्न इतकी वर्षं विचारायचा होता आणि दोघींचीही हिंमत झाली नव्हती. मी मनात म्हटलं, माझं नाव घ्या. एकदा, त्यांच्यादेखत, माझं घ्या.

"माझी मी घेईन," हे म्हणाले.

मग फार हळू, कुणाच्या तरी पायावर पाय पडल्यासारखे, म्हणाले, "आणि तुम्ही दोघी जरा वेळ बाहेर बसता का?"

आम्ही बाहेर आलो. वॉर्डाच्या भिंतीला कमरेच्या वर काच होती आणि समोर बाक होता. आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसलो. आतलं सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं.

नर्स ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये दुधाचा पेला होता. हे रोज रात्री दूध पितात. वन्संकडे गेले की वन्सं देतात, घरी आले की मी देते, माझ्या दुधाला साय जास्त असते असं मी वन्संना ऐकवलेलं आहे. नर्सनं पेला पुढे केला. ह्यांनी मान हलवली.

मला वाटलं, मला नीट दिसलं नाही. नर्सनं पुन्हा पुढे केला. ह्यांनी पुन्हा मान हलवली, हात आडवा केला, तोंडानंही काहीतरी म्हणाले. एकच शब्द होता. ओठांवरून कळला. नर्सनं खांदे उडवले, पेला उचलून बाजूला ठेवला आणि पाण्याचा पेला दाखवला. ह्यांनी मान डोलावली. ती हसली, पाणी देऊन पुढच्या खाटेकडे गेली. तिला काही वाटलं नव्हतं. तिचा दिवस गेला नव्हता.

"त्याला दूध नको होतं," वन्सं म्हणाल्या. आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. "आवडत नसेल का गं त्याला?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं. आत हे सावकाश पाणी पीत होते.

वन्संचा मी सगळं आयुष्य हेवा केला. तो उगाच गेला असं मला त्या बाकावर बसून वाटलं, कारण त्यांच्याकडे माझ्याहून जास्त काहीच नव्हतं. हेवा करावा तर त्या नर्सचा. ती पुढच्या खाटेवरची चादर ओढत होती, तिला ह्यांचं नावही धड उच्चारता येत नसेल, आणि कालच भेटलेल्या त्या बाईला माझा नवरा 'नको' म्हणाला होता.